क्यूब पास झाला, पण आयुष्याचं काय? काँक्रीटच्या थकव्यावर प्रश्नोत्तरे

वारंवार येणाऱ्या भारामुळे काँक्रीटला येणारा थकवा, म्हणजे साइटच्या भाषेत फटीग, या विषयावर येणाऱ्या प्रश्नांत एकच गैरसमज पुन्हा पुन्हा दिसतो: क्यूबचा आकडा मोठा, म्हणजे आयुष्यही मोठं. क्यूब म्हणजे ताकद तपासायला ओतलेला काँक्रीटचा ठोकळा; तो एकदाच दाबून फोडतात. रस्ता, क्रेनचा गर्डर, पवनचक्कीचा पाया यांच्यावर मात्र फुटण्याच्या भारापेक्षा बराच कमी भार लाखो वेळा येतो आणि जातो. म्हणून या वेळी याच विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या बांधकामाचा निर्णय ड्रॉइंग आणि जागा दोन्ही पाहिलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच घ्यायचा आहे.

प्रश्न : लोखंड थकतं हे शिकलो. काँक्रीटही थकतं का? ते तर वाकतही नाही. (डिप्लोमाचा विद्यार्थी, नांदेड)

थकतं. सिमेंटच्या नमुन्यांवर पुन्हा पुन्हा भार देऊन अमेरिकेत व्हॅन ऑर्नम यांनी १९०३ मध्येच हे दाखवलं होतं.

काँक्रीट कडक होतानाच खडी आणि सिमेंट पेस्ट यांच्या सांध्यावर केसाहून बारीक भेगा पडलेल्या असतात. प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे भार एकदा येऊन गेला की, त्या किंचित वाढतात आणि एकमेकींना मिळतात. प्रयोगशाळेत नमुन्याचं आकुंचन मोजत गेलं तर तीन टप्पे दिसतात. आयुष्याच्या पहिल्या साधारण १० टक्क्यांत आकुंचन झपाट्याने वाढतं. मग ८० टक्क्यांपर्यंत ते संथ, जवळजवळ सरळ रेषेत वाढतं. शेवटी पुन्हा वेग घेतं आणि नमुना फुटतो. मधल्या टप्प्यात बाहेरून काहीच दिसत नाही, पण आतली कडकपणाची पातळी, म्हणजे इलॅस्टिक मॉड्युलस, उतरत असते.

दुसरी गोष्ट परीक्षेपुरती नाही, कायमची लक्षात ठेवा. 'या ताणाखाली राहिलं तर कधीच थकणार नाही' अशी स्पष्ट सीमा पोलादाला सांगता येते. काँक्रीटला एक कोटी फेऱ्यांपर्यंतच्या चाचण्यांत ती सापडलेली नाही. किमान ताण शून्याजवळ असेल तर एक कोटी फेरे सोसण्याची ताकद एकदाच दाबून मिळणाऱ्या ताकदीच्या सुमारे ५५ टक्के धरतात.

प्रश्न : आमची चार मजली इमारत आहे. स्लॅब थकून पडेल का? (गृहिणी, ठाणे)

नाही. घरातला भार बहुतांशी स्थिर असतो. भेगा दिसत असतील तर गळती, गंजलेली सळई आणि सळईवरचं काँक्रीटचं कव्हर ही कारणं आधी तपासायची असतात. त्यासाठी सोसायटीला स्ट्रक्चरल ऑडिट करायला सांगा.

प्रश्न : एम ८० सारखं उच्च-ताकदीचं काँक्रीट एम ४० च्या दुप्पट थकवा सोसतं का? (प्रकल्प अभियंता, नागपूर)

दुप्पट नाही. (एम नंतरचा आकडा म्हणजे २८ दिवसांच्या क्यूबची ताकद, मेगापास्कलमध्ये.) युरोकोडचा, म्हणजे युरोपच्या डिझाइन मानकाचा, नियम पाहा. थकव्यासाठी धरायची ताकद काढताना तिथे मूळ ताकद (त्यांची सिलिंडरवरची) आधी ०.८५ ने गुणतात आणि मग त्यातून ताकद भागिले २५० इतका हिस्सा (४० ला १६ टक्के) वजा करतात. वय आणि सुरक्षा गुणक बाजूला ठेवले तर ४० मेगापास्कलला साधारण २८.६ मिळतात आणि ८० ला ४६.२. ताकद दुप्पट झाली, थकव्याची क्षमता १.६ पट. फिब या आंतरराष्ट्रीय काँक्रीट संघटनेच्या २०१० च्या मॉडेल कोडमध्ये २५० च्या जागी ४०० आले, म्हणजे कपात सौम्य झाली. पण ती गेली नाही.

कारण आतल्या रचनेत आहे. पाणी-बाइंडर गुणोत्तर ०.३ च्या आसपास, ५ ते १० टक्के मायक्रोसिलिका, १० ते १२.५ मिमीची खडी, यामुळे खडी-पेस्टचा सांधा घट्ट होतो. साध्या काँक्रीटमध्ये भेग खडीला वळसा घालून जाते, अडते, फाटे फोडते, आणि या सगळ्यात ऊर्जा खर्च होते. उच्च-ताकदीत ती खडीतूनच सरळ आरपार जाते. म्हणून हे काँक्रीट शेवटपर्यंत कडक राहतं आणि मोडताना फारशी पूर्वसूचना देत नाही.

त्यात कमी पाण्यामुळे हे काँक्रीट आतूनच आकसतं. पहिल्या दिवशी ओलावा तुटला तर भार येण्याआधीच भेगा तयार असतात, आणि थकवा तिथूनच वाढतो. फिनिशिंग संपताच क्युरिंग कंपाउंड किंवा प्लास्टिकचं आच्छादन, आणि सेट झाल्याबरोबर ओलं गोणपाट. 'उद्या सकाळी पाणी मारू' ही सवय एम ३० ला एक वेळ निभावते, एम ८० ला निभावत नाही.

प्रश्न : गोदामाच्या ट्रक यार्डसाठी एम ४० चा ३०० मिमी स्लॅब ठरला होता. ठेकेदार म्हणतो, एम ५० वापरू आणि २७० मिमी करू. ताकद जास्त, खर्च कमी. आरएमसीवाल्याचंही (तयार काँक्रीट पुरवणाऱ्याचंही) तेच म्हणणं आहे. मान्य करावं का? (साइट इंजिनिअर, भिवंडी)

डिझायनरने नव्याने हिशेब करून सही केल्याशिवाय अजिबात नाही. आणि तो हिशेब क्यूबच्या ताकदीवर करायचा नसतो. याच प्रस्तावाचे रस्ते, यार्ड आणि फॅक्टरीचे फ्लोअर काही वर्षांत कोपऱ्यांतून तुटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रस्त्याचा स्लॅब दाबाने चिरडून मोडत नाही. वाकून, खालून किंवा वरून, ओढीच्या ताणाने फाटतो. त्यामुळे कामाची ताकद म्हणजे बीम मोडून मिळणारी फ्लेक्सरल ताकद. आयएस ४५६ या भारतीय काँक्रीट मानकाप्रमाणे ती साधारण ०.७ गुणिले क्यूबच्या ताकदीचं वर्गमूळ. एम ४० ला ४.४३ मेगापास्कल, एम ५० ला ४.९५. क्यूब २५ टक्क्यांनी वाढला, वाकण्याची ताकद १२ टक्क्यांनीच. वर्गमूळाने निम्म्याहून जास्त फायदा इथेच खाल्ला.

आता जाडी. चाकाच्या भाराने येणारा ताण ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ३०० चे २७० केले की ताण सुमारे २३ टक्के वाढतो. कमाई १२, खर्च २३.

पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. आयआरसी ५८ या इंडियन रोड्स काँग्रेसच्या काँक्रीट रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत थकव्याचं आयुष्य ताण भागिले फ्लेक्सरल ताकद या गुणोत्तरावर काढतात. गुणोत्तर ०.४५ च्या खाली असेल तर हिशेबापुरते फेरे अमर्याद धरतात. ०.४८ ला सुमारे २४ लाख फेरे. ०.५० ला ७.६ लाख. ०.५३ ला २.३ लाख. ०.५५ ला १.२४ लाख. ०.६० ला ३१ हजार. ०.७० ला जेमतेम १,९००. तुमचा मूळ स्लॅब ०.४८ वर बसवलेला आहे असं समजा. ठेकेदाराचा बदल केल्यावर गुणोत्तर ०.४८ गुणिले १.२३ भागिले १.१२, म्हणजे ०.५३ च्या आसपास जातं. २४ लाखांचे २.३ लाख: ग्रेड वाढवून तुम्ही आयुष्य दहा भागांतून एका भागावर आणलंत. हा हाताने केलेला ढोबळ हिशेब आहे. नेमका आकडा जमिनीचा आधार, तापमानाचा फरक आणि रस्त्याच्या कडेच्या पट्टीची (शोल्डरची) रचना यांनी हलेल. दिशा हलणार नाही.

मग ३० मिमी भरून काढायला काय लागतं? त्याच हिशेबाने एम ४० वरून थेट एम ६०. तेव्हा कुठे गुणोत्तर पुन्हा ०.४८ वर येतं. त्या ग्रेडची किंमत, जास्त आकसणं आणि वाढलेला कडकपणा धरला तर बचत कुठे राहिली हे ठेकेदाराला लेखी मांडायला सांगा. कडक स्लॅबमध्ये उन्हाचा ताणही जास्त येतो. दिवसा वरचा भाग तापून स्लॅब कमानीसारखा होतो आणि भेग खालून सुरू होते. पहाटे कडा वर उचललेल्या असतात आणि भेग वरून पडते. आयआरसी ५८ च्या २०१५ च्या आवृत्तीत दोन्ही वेळा स्वतंत्र तपासायला सांगितल्या आहेत. बदललेल्या डिझाइनमध्ये दुसरी तपासणी गाळलेली नाही ना, हे तुम्ही स्वतः पाहा.

आणखी एक. साइटवर जाडी कमी-जास्त होतेच. डीएलसीची, म्हणजे स्लॅबखालच्या कमी सिमेंटच्या थराची, लेव्हल १० मिमी वर गेली की ३०० चा स्लॅब २९० होतो, तो निभावतो. २७० चा २६० होतो तेव्हा गुणोत्तर ०.५७ च्या पुढे जातं आणि आयुष्य लाखाखाली येतं. म्हणून ओतण्याआधी दोरी लावून दर पाच मीटरवर खोली मोजा आणि लिहून ठेवा. डॉवेल बार (सांध्यातून दोन स्लॅब जोडणाऱ्या गुळगुळीत सळया) सरळ रेषेत आणि मधोमध आहेत का, तेही त्याच वेळी पाहा. तिरका डॉवेल सांधा अडवतो, आणि अडलेल्या सांध्याशेजारी स्लॅब फाटतो.

ग्रेड जरूर वाढवा. जाडी तीच ठेवून.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्याच्या आवारात काँक्रीटचा रस्ता आहे. उसाच्या गाड्या गळीत हंगामातच येतात, बाकी सात महिने रस्ता मोकळा. या विश्रांतीत थकवा भरून निघतो ना? (शेती विभाग, सांगली जिल्हा)

नाही. चाचण्यांमध्ये मधल्या विश्रांतीचा थोडा फायदा दिसतो, पण पडलेली भेग सुट्टीत जुळत नाही. डिझाइनमध्ये झालेल्या नुकसानीची बेरीज करतात. पामग्रेन यांनी १९२४ मध्ये आणि माइनर यांनी १९४५ मध्ये मांडलेला हा नियम. प्रत्येक फेऱ्याने आयुष्याचा ठरावीक अंश खर्च होतो आणि बेरीज एक झाली की हिशेब संपला. त्यात विश्रांतीची सूट नाही.

तुमच्याकडे एक मोठी सोय आहे, जी महामार्गवाल्यांना पैसे देऊन उभी करावी लागते: स्वतःचा वजनकाटा. मागच्या हंगामाची नोंद काढा, पण एकूण वजनावर थांबू नका. ते किती आसांवर वाटलं जातं ते पाहा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरच्या एका आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टनांवर आणि जोड-आसाची १९ वरून २१ टनांवर नेली. त्याआधी बनवलेला रस्ता जुन्या आकड्यावर बेतलेला असण्याची शक्यता आहे. वरच्या उत्तरातलेच आकडे लावा. नेहमीची गाडी ०.५० चा ताण देत असेल आणि जादा भरलेली ०.६०, तर ती एक गाडी पंचवीस गाड्यांइतकं नुकसान करून जाते. वाहतूक ठेकेदाराला हा हिशेब दाखवा, आणि रस्ता कुणा पेव्हमेंट डिझायनरकडून पुन्हा तपासून घ्या. काट्यासमोरचा पट्टा आधी, कारण तिथे भरलेल्या गाड्या थांबतात, सरकतात, पुन्हा थांबतात.

प्रश्न : फायबर टाकलं की फटीग होत नाही, असं विक्रेता सांगतो. एका घनमीटरला ९०० ग्रॅमची एक पिशवी पुरते म्हणे. (बांधकाम व्यावसायिक, नाशिक)

९०० ग्रॅमची पिशवी म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचं बारीक फायबर. ते पहिल्या काही तासांत, काँक्रीट ओलं असताना पडणाऱ्या आकुंचनाच्या भेगा कमी करतं. ते काम चांगलं करतं आणि तिथे ते जरूर वापरा. कडक झालेल्या काँक्रीटच्या थकव्याशी त्याचा जवळजवळ संबंध नाही. विक्रेत्याला हे ठाऊक असतं, म्हणूनच माहितीपत्रकात 'टिकाऊपणा वाढतो' असं मोघम लिहिलेलं असतं.

वाकण्याच्या थकव्यात उपयोगी पडतं ते स्टीलचं फायबर, टोकं वळवलेलं, औद्योगिक फ्लोअरमध्ये साधारण २५ ते ४० किलो प्रति घनमीटर. भेग उघडू लागली की ते तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतं. मात्र ते नीट मिसळलं नाही तर गोळे होतात, आणि त्या जागी पोकळी राहते. मग फायबर नसतं तर बरं, अशी वेळ येते. विक्रेत्याकडे दोन गोष्टी लेखी मागा: भेग पडल्यानंतर उरणाऱ्या फ्लेक्सरल ताकदीचा चाचणी अहवाल, आणि तो ज्या मात्रेवर केला ती मात्रा. अहवाल ४० किलोचा आणि कोटेशन २० किलोचं, ही चलाखी फार चालते. आणि फायबर टाकल्यामुळे सळई किंवा जाडी कमी करायची का, हे विक्रेत्याने ठरवायचं नाही.

प्रश्न : रिबाउंड हॅमरचा आकडा चांगला आला. म्हणजे पुलाला थकवा नाही ना? (उपअभियंता, लातूर)

हॅमर वरच्या दोन-तीन सेंटिमीटरचा कठीणपणा सांगतो, थकवा सांगत नाही. भेगांचा नकाशा, त्यांच्या रुंदीतला बदल, अल्ट्रासॉनिक पल्सचा वेग आणि भार चाचणीतला झोल एकत्र पाहावा लागतो; अनुभवी पूल तपासनीस बोलवा.

प्रश्न : उड्डाणपुलावर सिग्नलला थांबलो की पूल हादरतो. तो थकलाय का? (दुचाकीस्वार, पुणे)

गाड्या गेल्यावर पूल हलणं हा त्याचा स्वभाव आहे. आयआरसी ६ या पुलांच्या भारांच्या कोडप्रमाणे थकव्यासाठी ४० टनांचा ट्रक धरतात: बंदर, खाणी, अवजड उद्योग यांच्या जवळच्या पुलांना एक कोटी फेरे, इतरांना २० लाख. हादऱ्याबरोबर जोडावर आदळल्याचा आवाज येत असेल किंवा खालून काँक्रीटचे तुकडे पडत असतील, तर पुलाची जबाबदारी असलेल्या कार्यालयाला फोटोसह लेखी कळवा.

प्रश्न : क्रेनच्या गॅन्ट्री गर्डरचा पिंजरा हलू नये म्हणून फिटरने रिंगा मुख्य सळईला टॅक वेल्डिंगने जोडल्या. काँक्रीट एम ६० आहे, चालेल ना? (साइट सुपरवायझर, चाकण)

ओतू नका. आधी कन्सल्टंटला फोन करा.

अशा गर्डरमध्ये बहुतेक वेळा काँक्रीटच्या आधी सळई थकते. काँक्रीट एम ६० आहे की एम ३०, त्या टाक्याला काही फरक पडत नाही. टाक्याच्या जागी सळई क्षणात तापते आणि क्षणात थंड होते, तिथे ठिसूळ ठिपका आणि बारीक खाच तयार होते, आणि भेग तिथून निघते. युरोकोडचे आकडे तुलनेसाठी देतो. सरळ सळईला दहा लाख फेऱ्यांसाठी १६२.५ मेगापास्कलचा ताणफरक (फेऱ्यातल्या कमाल आणि किमान ताणातला फरक) चालतो, एक कोटीला तो साधारण १२६ वर येतो. वेल्डिंग केलेल्या सळईला एक कोटीला फक्त ५८.५. दोन सळया जोडणारा कपलर असेल तर ३५. वाकवलेल्या सळईलाही कपात आहे: सळईच्या व्यासाच्या चौपट जाड गोल दांड्यावर (मँड्रेलवर) वाकवली तर क्षमता ४५ टक्क्यांवर येते.

फेरे किती होतात तेही पाहा. दहा मिनिटांना एक खेप, सोळा तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर वर्षात २८,८०० खेपा, पंचवीस वर्षांत ७.२ लाख. एका खेपेत क्रेनची दोन चाकं एकाच जागेवरून जातात हे त्यात धरलेलंच नाही.

टाके कुठे आहेत याचा नकाशा काढून फोटोसह पाठवा. मधल्या भागात, खालच्या मुख्य सळईवर असतील तर ती सळई बदलावी लागण्याची शक्यता आहे. आधाराजवळ वरच्या बाजूला, जिथे ताणफरक कमी आहे, तिथले कदाचित राहू देतील. ग्राइंडर मारून टाका 'पुसून' टाकू नका; खाच राहते आणि पुरावा जातो. आणि पुढच्या पिंजऱ्याला बाइंडिंग वायर, कव्हर ब्लॉक आणि सळई उचलून धरणाऱ्या खुर्च्या. पिंजरा त्यांनी उभा राहतो.

प्रश्न : माझ्या जमिनीतल्या पवनचक्कीच्या टॉवरच्या पायाशी, लोखंड आणि काँक्रीट यांच्या फटीतून पावसाळ्यात राखाडी चिखल येतो. देखभालवाले म्हणतात, 'सिमेंट लावून टाकू'. (शेतकरी, साक्री, जि. धुळे)

तुम्ही लक्ष दिलंत आणि विचारलंत, फार चांगलं केलंत. तो चिखल बहुधा काँक्रीटचंच पीठ आहे.

जुन्या पायांत टॉवरची लोखंडी रिंग काँक्रीटमध्ये गाडलेली असते. वरचं सील फाटलं की फटीत पाणी शिरतं. वाऱ्याच्या प्रत्येक झोताला रिंग अंशभर वर-खाली होते, पाणी आत-बाहेर ढकललं जातं, घासलेलं काँक्रीट त्याबरोबर बाहेर येतं आणि पोकळी वाढते. पोकळी वाढली की हालचाल वाढते. पाण्याने भरलेल्या भेगांमध्ये काँक्रीटचा थकवा कोरड्यापेक्षा वेगाने होतो, हे समुद्रातल्या बांधकामांसाठी केलेल्या चाचण्यांत दिसलेलं आहे.

फेऱ्यांची कल्पना यावी म्हणून: पंखा मिनिटाला १५ वेळा फिरतो असं धरलं तर वर्षाला सुमारे ७९ लाख चकरा, वीस वर्षांत पंधरा कोटींहून जास्त. तीन पाती धरली तर टॉवरसमोरून पातं जाण्याच्या वेळा ४७ कोटी. वारा कमी असेल तेव्हाचे दिवस वजा करा, तरी रस्त्याच्या हिशेबात न बसणारे हे आकडे आहेत.

वरून सिमेंट लावल्याने चिखल दिसायचा थांबेल आणि आतलं काम चालू राहील. तुम्ही करायचं ते एवढंच: तारीख दिसेल असे फोटो, शक्य असेल तर जोरदार वाऱ्यात फटीच्या हालचालीचा व्हिडिओ, आणि कंपनीला लेखी पत्र. पत्रात हे मागा: रिंग आणि काँक्रीट यांच्यातली उभी हालचाल डायल गेजने किंवा सेन्सरने, वाऱ्याच्या वेगाबरोबर मोजावी, पाया मूळ डिझायनरला दाखवावा, नवं सील आणि पाण्याचा निचरा लगेच करावा, पोकळी भरायची ती ठरलेल्या ग्राउटने, दाबाने, खालून वर. यंत्र तोवर बंद ठेवायचं का, हे डिझायनरने मोजमाप पाहून सांगावं. पुढच्या पावसाळ्याची वाट कुणालाही पाहू देऊ नका. तुम्ही आणि गुरं जोराच्या वाऱ्यात टॉवरच्या पायाशी थांबू नका.

प्रश्न : एम ८० च्या सिलिंडरवर १० हर्ट्झने दाबाची फटीग चाचणी करतोय. नमुने हाताला गरम लागतात आणि निकाल कुठलेही येतात. एकाच ताणाला ३०० फेरे आणि ५,००० फेरे! मशीन बिघडलंय का? (एम. टेक.ची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

मशीन बहुधा ठीक आहे. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत.

विखुरलेपण आधी. नॉर्वेत १९७० मध्ये मांडलेलं समीकरण घ्या, किमान ताण शून्याजवळ धरून: फेऱ्यांचा लॉग म्हणजे (१ वजा ताणगुणोत्तर) भागिले ०.०६४. ताणगुणोत्तर म्हणजे कमाल ताण भागिले एकदाच दाबून मिळणारी ताकद. गुणोत्तर ०.८० असेल तर सुमारे १,३०० फेरे. पण त्या नमुन्याची खरी ताकद सरासरीपेक्षा ५ टक्के कमी असेल तर गुणोत्तर ०.८४ होतं आणि फेरे ३०० वर येतात. ५ टक्के जास्त असेल तर ५,००० च्या वर जातात. तुमचे दोन्ही आकडे यात बसतात. म्हणून संदर्भाची ताकद २८ दिवसांच्या क्यूबवरून घेऊ नका. त्याच बॅचचे, त्याच वयाचे किमान पाच-सहा सिलिंडर फटीग चाचणीच्या आठवड्यातच दाबा. टोकं घासून सपाट करा. एम ८० ला गंधकाची कॅपिंग नको. नमुना केंद्रात आहे का ते तीन बाजूंच्या स्ट्रेन गेजने तपासा. सरासरी लॉगची काढा, आणि न फुटलेले नमुने वगळू नका, बाण लावून आलेखात दाखवा.

आता उष्णता. दाट काँक्रीटमध्ये प्रत्येक फेऱ्याला थोडी ऊर्जा उष्णतेत जाते आणि १० हर्ट्झला ती बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तापमान काही दहा अंशांनी चढू शकतं, आतला ओलावा दाब निर्माण करतो आणि नमुना लवकर फुटतो. मग तुम्ही काँक्रीटचा थकवा मोजताय की त्याला उकडताय, हे सांगता येत नाही. पृष्ठभागावर मध्यावर थर्मोकपल लावा, प्रत्येक निकालासोबत कमाल तापमान नोंदवा आणि वारंवारता १ ते ५ हर्ट्झवर आणा. कमी ताणाच्या, लाखो फेऱ्यांच्या नमुन्यांना याचा फटका जास्त बसतो, तिथे घाई करू नका. जर्मनीत उच्च-कार्यक्षम काँक्रीटच्या थकव्यावर २०१७ पासून मोठा संशोधन कार्यक्रम झाला. त्यातले शोधनिबंध मार्गदर्शकांबरोबर बसून वाचा आणि वेळापत्रक त्यांच्याशी बोलूनच बदला.

प्रश्न : पहिल्या मजल्यावर साधे यंत्रमाग आहेत. स्लॅबला खालून भेगा आल्यात. फटीग म्हणायचं का? (कारखानदार, इचलकरंजी)

लगेच म्हणू नका. मिनिटाला धोट्याच्या १३० फेक धरल्या तर चोवीस तासांत १.८७ लाख झटके होतात, त्यामुळे फेरे भरपूर आहेत. पण एका झटक्याने येणारा ताण सहसा लहान असतो. बिघडतं ते मागाची गती आणि स्लॅबची स्वतःची कंपनसंख्या जवळ आली की. मग तोच झटका कित्येक पटींनी मोठा होतो. नव्या, वेगवान मागांनी जुने माग बदलले असतील आणि भेगा त्यानंतर आल्या असतील, तर ही शंका पहिली घ्या.

भेगेवर काचेची पट्टी चिकटवा, टोकांवर पेन्सिलने तारीख लिहा, दर आठवड्याला रुंदी मोजा. पट्टी तुटली, भेग ०.३ मिमीच्या पुढे गेली किंवा गंजाचा डाग दिसला तर त्या पट्ट्यातले माग बंद करून इंजिनिअर बोलवा. कंपनाचं मोजमाप एका दिवसात होतं. रबराचे पॅड स्वतःच्या मनाने टाकू नका. चुकीच्या कडकपणाचा पॅड कंपन वाढवतो.

प्रश्न : सोसायटीच्या रस्त्यावर एम ४० चं व्हाइट टॉपिंग (जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर) झालंय. ठेकेदार सातव्या दिवशी टँकर सोडायला सांगतो, कारण क्यूब ३० च्या वर आला. पाण्याचा प्रश्न आहे, काय करू? (सोसायटी सचिव, पिंपरी)

पुन्हा क्यूब! ठेकेदाराकडे बीमचा निकाल मागा: १५० गुणिले १५० गुणिले ७०० मिमीचे बीम, रस्त्याशेजारीच ठेवून रस्त्यासारखेच क्युरिंग केलेले. सातव्या दिवशी वाकण्याची ताकद पूर्ण ताकदीच्या ७५ टक्के असेल, तर जो टँकर पुढे ०.४८ चं गुणोत्तर देणार होता तो आज ०.६४ देतो. २४ लाख फेऱ्यांच्या हिशेबातून तो १० हजारांच्या हिशेबात येतो. कोवळ्या काँक्रीटवरची एक फेरी म्हणजे पुढच्या दोनशेहून अधिक फेऱ्या.

दुचाकी सोडायला हरकत नसावी. कार सोडण्याआधी डिझायनरला विचारा. टँकर गेटबाहेर उभा करून पाइपने टाकीत पाणी घ्या. अगदीच आत आणावा लागला तर अर्धा भरलेला, चाकं पॅनेलच्या कडेपासून आणि कोपऱ्यापासून निदान अर्धा मीटर आत, आणि पहाटे नको, कारण तेव्हा कडा उचललेल्या असतात. सांधे कापले आहेत का आणि खोली जाडीच्या पाव ते एक तृतीयांश आहे का, ते आज मोजून घ्या. भरलेला टँकर कधी सोडायचा, हे डिझायनरकडून तारीख आणि किमान फ्लेक्सरल ताकद लिहून घ्या, आणि तोवर गेटवरची साखळी काढू नका.